कार्ल्याचें लेणें आणि मावळचें आद्य दप्तर

कार्ल्याच्या लेण्यासंबंधानें गेल्या दीडशें वर्षांत जें वाङ्मय झालें, त्यांत दोन वर्ग स्पष्ट दिसतात. एक शिल्पज्ञांचा व दुसरा प्रवाशांकरितां माहितीपुस्तकें लिहिणारांचा. पहिल्यानें मोजमापें घेतलीं, दुसऱ्यानें तीं उतरून घेतलीं. चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद. दोहों बाजूंस पंधरा पंधरा नक्षीदार स्तंभ, स्तूपामागें सात साधे अठपैलू. वर मूळच्या लाकडी कमानी अद्याप जागच्याजागीं. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथापासून हें वर्णन चालत आलें आहे, आणि तें खरेंही आहे. ह्या जातीच्या लेण्यांत कार्ल्याची बरोबरी करणारें दुसरें नाहीं, हेंही मान्य. आमची तक्रार निराळी आहे. लेणें हें पाहण्याची वस्तु समजून लिहिणारांनीं त्याचा भोंवतालच्या मुलुखाशीं असलेला संबंध जवळजवळ पुसून टाकला. आणि तो संबंध तर त्याच भिंतींवर स्वच्छ अक्षरांत कोरलेला आहे.

माहितीपुस्तकांचा आवडता लेख एकच. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल ह्यानें हें शैलगृह पूर्ण केलें व तें जंबुद्वीपांत उत्तम आहे, असें सांगणारा. एका सावकाराची ही आत्मप्रौढी प्रत्येकानें छापली. परंतु ज्या लेखांत मावळच्या एका गांवाचा वसूल, अंमलदार, माफी व नोंद यांची हकीकत आहे, त्यांची वाट सामान्य लेखकानें कधीं धरली नाहीं. भगवानलाल व बर्जेस यांनीं १८८१ त आणि सेनार यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या सातव्या खंडांत हे लेख छापले असतां ही स्थिति आहे. सेनारांचें काम भाषाशास्त्राच्या दृष्टीनें उत्कृष्ट आहे. पण इनामपत्रें हाताळण्याची संवय असलेल्या वाचकास त्यांत जें दिसेल, तें त्यांस दिसण्याचें कारण नव्हतें.

प्रथम नहपानाचा जांवई उषवदात ह्याचा लेख घ्यावा. त्यांत वालुरक लेण्यांत राहणाऱ्या चातुर्दिश संघाच्या निर्वाहाकरितां, जे तेथें वर्षावास करतील त्या सर्वांसाठीं, करजिक हा गांव दिल्याचें सांगितलें आहे. वालुरक हें लेण्याचें जुनें नांव. दुसरा लेख सातवाहन राजाचा. राजाचें नांव तुटलें आहे, तरी तो गौतमीपुत्र सातकर्णी असावा ह्याबद्दल बहुतेक विद्वानांचें एकमत आहे. ह्या लेखांत मामाड येथील अमात्यास आज्ञा आहे कीं, वालुरक लेण्यांतील महासांघिक निकायाच्या भिक्षूंस मामालाहारांत उत्तर मार्गावरील करजक गांवीं ‘भिखुहल’ दिलें आहे, तें त्यांच्या स्वाधीन करावें.

येथें बहुतेक लेखक ‘उषवदाताचें दान सातवाहनांनीं कायम केलें’ असें एका वाक्यांत उरकतात. ही घाई आहे. पहिल्या लेखांत गांव दिला. दुसऱ्यांत गांवीं भिक्षूंची नांगराखालची जमीन दिली. पहिल्यांत धारक चारी दिशांचा संघ. दुसऱ्यांत धारक एक विशिष्ट निकाय. इनामाच्या कागदांत धारकाचें नांव बदललें व देणगीचा शब्द बदलला, म्हणजे मधल्या काळांत कांहीं घडलें, हें आमच्या वाचकांस शिकविण्याची जरुरी नाहीं. एका राजवटीचा भोगवटा दुसरी राजवट तसाच चालूं देत नाहीं. आपल्या हातून नवा करून देते. नाशिकास हेंच दिसतें. तेथील तिसऱ्या लेण्यांत अठराव्या वर्षाचा गौतमीपुत्राचा लेख आहे. त्यांत दिलेलें दोनशें निवर्तनें शेत पूर्वीं उषवदाताच्या भोगवट्याचें होतें, असें राजा स्वतःच सांगतो. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा तेरा हजारांवर ठेवा सांपडला. त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा मारलेला होता. नाणें जसें पुन्हा ठोकलें, तशी सनदही पुन्हा ठोकली.

आतां सनदेच्या अंगांकडे पाहूं. कार्ल्याच्या लेखांत माफीच्या कलमांपैकीं ‘अपावेस’ म्हणजे सरकारी माणसांनीं आंत शिरूं नये, हें पद शाबूत आहे. पुढचा भाग झिजला आहे. नाशिकच्या लेखांत कलमें पूर्ण आहेत: शिरूं नये, हात लावूं नये, मिठासाठीं खणूं नये, मुलुखाच्या अंमलदारानें दखल देऊं नये, सर्व प्रकारची माफी असावी. शेवटीं कार्ल्याच्या लेखांत ‘निबधापेहि’ अशी आज्ञा आहे. ह्या माफीची नोंद करवावी, असा तिचा अर्थ. नंतर तोंडी हुकूम झाल्याचा उल्लेख, वर्ष, पक्ष, दिवस, आणि ज्यानें लेख सिद्ध केला त्या शिवस्कंदगुप्ताचें नांव. हुकूम, मुलुखाचा अंमलदार, गांव, माफीचीं कलमें, दप्तरीं दाखल, तारीख, लिहिणार: शिवकालीन किंवा पेशवाई इनामपत्राचा सांगाडा ह्याहून फारसा निराळा नाहीं. फरक इतकाच कीं, आमच्या कागदांत नक्कल ठेवून घेऊन अस्सल पत्र भोगवट्यास परत देण्याचा रिवाज आहे. येथें भोगवटादारानें अस्सलाची प्रत डोंगरालाच देऊन ठेविली, व म्हणून ती वाळवीच्या तोंडीं पडली नाहीं.

तिसरा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षाचा. ओखळकीयांपैकीं महारठी मितदेव, त्याचा पुत्र महारठी सोमदेव ह्यानें वालुरकाच्या संघास एक गांव दिला, तो ‘सकरुकरो सदेयमेयो’. कर व उपकर यांसह, ठराविक देण्यासह व मापून घ्यावयाच्या उत्पन्नासह, असा ह्याचा सरळ अर्थ. कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी पेस्तरपट्टी हे शब्द ज्याच्या तोंडीं बसले आहेत, त्यास हें पद परकें वाटूं नये. येथें देणारा राजा नव्हे, महारठी आहे. राजाचें वर्ष घालून स्वतःच्या अधिकारांत तो गांव देतो. लेण्याच्या पुढें उभा असलेला सिंहस्तंभही महारठी अग्निमित्रणक ह्याचेंच दान. मावळच्या देशमुखीचा उगम एकदम येथें नेण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं, पण ह्या डोंगरपट्ट्यांत मुलूख बाळगून राहणारीं घराणीं किती जुनीं आहेत, ह्याचा हा लेखी पुरावा आहे.

मुलुखाच्या नांवाविषयीं तर शंकाच नको. मामाल ह्यापासून मावळ हें रूप, ग्रामापासून गांव व नामापासून नांव ह्या नियमानें सहज येतें. मावळ म्हणजे सूर्य मावळण्याची दिशा, ही लोकप्रिय व्युत्पत्ति पुस्तकांतून अजून उठली नाहीं. ती ह्या लेखानें उठावी. पायथ्याच्या वेहेरगांवाच्या नांवांतही विहार हा शब्द उघड आहे. करजक म्हणजे मावळांतील आजचें करंजगांव असावें, हा तर्क नामसाम्यावर टिकतो. उत्तर मार्ग कोणता हें ठरल्याशिवाय त्यास ह्याहून अधिक वजन देऊं नये.

लेण्यांतील दात्यांत धेनुकाकट ह्या स्थळाचे लोक सर्वांत पुष्कळ. तेथील यवनांनीं स्तंभ दिले, वाणियगामानें दिला. सिंहदत्त गांधिकानें दाराचें काम करविलें, वेणुवासाचा पुत्र सामी हा सुतार तें दार घडविणारा. हें स्थळ कोणी थेट आंध्रांत धरणीकोटास नेलें. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९५५ च्या सुमारास लिहितांना तें कार्ल्याच्या जवळपास शोधलें पाहिजे असें प्रतिपादिलें, आणि ह्या प्रश्नावर त्यांचें लिखाण आम्हांस सर्वांत समाधानकारक वाटतें. कारण ह्या डोंगरांतून ते स्वतः पायीं हिंडले होते. तळेगांवाजवळील शेलारवाडीच्या लेण्यांत धेनुकाकटचा ‘हलकिय कुडुबिक’ उसभणक, म्हणजे नांगर धरणारा कुणबी, ह्याच्या बायकोनें लेणें दिल्याचा लेख आहे. व्यापारी आंध्रांतून येईल. पण नांगरावर पोट भरणाऱ्या कुणब्याची बायको इतक्या लांबून येऊन तळेगांवापाशीं लेणें कोरविते, हें मनास पटत नाहीं. असा निकाल देणारा लेख शेलारवाडीसारख्या लहानशा लेण्यांत पडून आहे, व तेथें कोणी जात नाहीं.

कोसंबींचें दुसरें प्रतिपादन मात्र इतकें निर्विवाद नाहीं. १९६२ च्या ‘मिथ ॲण्ड रिॲलिटी’ ह्या ग्रंथांत त्यांनीं मावळांतील मातृदेवतांचीं ठाणीं, जुने मार्ग व लेणीं यांची सांगड घातली. कार्ल्यास चैत्याच्या दाराशींच एकवीरेचें देऊळ आहे. चैत्रांतील यात्रेस कोंकणपट्टीचे कोळी व आगरी लोक घाट चढून येतात, आणि आज लेण्यास जी वर्दळ आहे ती बव्हंशीं ह्या देवीमुळें. पायथ्याच्या गांवांचा संसारही ह्याच यात्रेवर चालतो. कलाभिज्ञ प्रवासी येतो तो भाग लहान. देवीचें ठाणें बौद्धांच्या आधींचें होतें असें म्हणण्यास लेखी आधार नाहीं, व आहे असा भास उत्पन्न करूं नये. परंतु स्तंभांवरील दात्यांत सोपाऱ्याचा रहिवासीही आहे. समुद्राकांठचा माणूस घाट चढून ह्याच डोंगराशीं येतो व येथें कांहीं अर्पण करतो, एवढें त्या काळींही खरें होतें.

माहितीपुस्तकांतून ह्या यात्रेचा उल्लेख बहुधा गर्दीची कुरकुर म्हणून येतो. लेणें शांतपणें पाहतां येत नाहीं, अशी ती कुरकुर. वर्षावासाकरितां येणाऱ्या भिक्षूंचें धान्य करजकाहून येत होतें, तेव्हांही येथें शांतता कितपत असेल हा प्रश्नच आहे. नवें माहितीपुस्तक लिहिणारानें स्तंभांची गणती एका ओळींत आटपून करजकाच्या दोन्ही लेखांचा व सोमदेवाच्या लेखाचा मराठी तरजुमा शेजारीं शेजारीं छापावा, आणि वालुरक, करजक, मामाड, शेलारवाडी हीं स्थळें दाखविणारा मावळचा एक नकाशा जोडावा. त्या नकाशावर करजकाच्या जागीं तूर्त प्रश्नचिन्ह पडेल. तें पडूं द्यावें.