बनावट वृत्त आणि साक्षीची भाषा

‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २८ सप्टेंबर १९८० रोजी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या जिमी नावाच्या मुलाची हकीकत पहिल्या पानावर छापली. लेखिका जॅनेट कुक यांना १३ एप्रिल १९८१ रोजी पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले व दोनच दिवसांत ते परत करण्यात आले. कारण जिमी अस्तित्वातच नव्हता.

अशा प्रकरणांची मीमांसा बहुधा वार्ताहराच्या महत्त्वाकांक्षेपाशी थांबते. हे कारण खरे, परंतु अपुरे आहे. महत्त्वाकांक्षी वार्ताहर पुष्कळ असतात. वृत्त रचणारे थोडे. शिवाय अनुभवी संपादकांना असे वृत्त खरे का वाटते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

त्याचे उत्तर वृत्तकथेच्या भाषेत शोधावे लागते. ‘मुलगा आजारी आहे’ आणि ‘मुलगा आजारी आहे म्हणे’ या दोन विधानांतील भेद मराठी भाषकास सांगावा लागत नाही. ‘म्हणे’ या एका शब्दाने बोलणारा साक्षीची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवितो. तो गाळला की ती त्याची स्वतःची ठरते. वृत्तलेखनात ‘म्हणे’चे कार्य माहिती देणाराचा नामनिर्देश करतो. जेथे नाव गुप्त ठेवले जाते, तेथे बारीकसारीक तपशील आणि अवतरणचिन्हांतील उद्गार हेच ‘मी पाहिले, मी ऐकले’ असे न उच्चारता सांगू लागतात. वस्तुतः तपशील प्रत्यक्ष दर्शनातून येतो, तसा कल्पनेतूनही येतो; कादंबरीकाराचा सारा व्यवहार त्यावरच चालतो. कुक यांनी आपल्या माहितगारांची नावे सांगितली नाहीत, संपादकांनी त्यांचा आग्रह धरला नाही. मुलाच्या हातांवरील सुयांच्या खुणांनी नावांची उणीव भरून काढली.

‘न्यू रिपब्लिक’चे स्टीफन ग्लास यांनी तर पडताळणीचीही भाषा आत्मसात केली होती. १९९८ मध्ये त्यांनी एका काल्पनिक कंपनीचे संकेतस्थळ तयार करून पुरावाच रचला.

या वर्तनाचे एक समर्थन असे की, तपशील खोटा असला तरी त्यामागील सामाजिक सत्य खरे असते. हा युक्तिवाद टिकत नाही. शहरात व्यसनाधीन मुले असू शकतात, असे ‘पोस्ट’मधील वृत्ताने म्हटले नव्हते, ‘हा मुलगा आहे’ असे म्हटले होते. म्हणूनच पोलीस त्याला दिवसेंदिवस शोधत राहिले. ‘डेर श्पीगेल’चे क्लास रेलोटियस यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील फर्गस फॉल्स या गावाच्या वेशीवर मेक्सिकन लोकांना मज्जाव करणारी पाटी असल्याचे लिहिले. तशी पाटी नव्हती. गाव मात्र खरे होते, आणि कलंक तेथील खऱ्या माणसांना लागला. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांचे बनावट लेखन या नियतकालिकानेच जाहीर केले.

कादंबरीच्या वाचकाने कल्पिताला आधीच संमती दिलेली असते. वृत्ताच्या वाचकाने ती दिलेली नसते. बनावट वृत्तातील नैतिक दोष या न घेतलेल्या संमतीत आहे. त्याचा भार पुढे प्रामाणिक वार्ताहराला वाहावा लागतो. कारण खऱ्या मुलाची खरी हकीकत त्याने आणली, तरी वाचक तिच्यापुढे मनातल्या मनात ‘म्हणे’ जोडतो.