दुर्गाबाई खोटे : आईच्या भूमिकांपलीकडे

दुर्गाबाई खोटे यांचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई उभी राहते. तिजवरून या नटीची योग्यता ठरविणें मला अपुरें वाटतें.

१९१३ सालीं त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांस तारामतीच्या कामासाठीं स्त्री मिळाली नाहीं. तें साळुंके या पुरुषानें केलें. १९३२ सालीं 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'मध्यें तीच भूमिका दुर्गाबाईंकडे आली. मुंबईच्या लाड घराण्यांतील, झेवियर कॉलेजांत शिकलेल्या, दोन मुलांच्या आईनें तोंडास रंग लावावा ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. तथापि धाडसाची वाहवा करून थांबणें हा कलावंतावर अन्यायच होय.

त्यांचें खरें सामर्थ्य दिसतें तें सत्ता हातीं घेऊं पाहणाऱ्या स्त्रीच्या चित्रणांत. 'अमरज्योति' (१९३६) मधील सौदामिनी पाहावी. पोटच्या मुलावरील हक्क नाकारला गेल्यानें समुद्रावर लुटारूपण पत्करणारी ही स्त्री पदोपदीं आक्रस्ताळी होण्याचा धोका होता. बाई आवाज चढवितात तो मोजकाच. बाकीचें काम ताठ मान आणि स्थिर नजर करते. (रूढीप्रमाणें त्यांस गावेंहि लागे, तेथें त्या सामान्यच वाटतात.) पुढें 'भरतमिलाप' (१९४२) मधील कैकेयी त्यांच्याकडेच आली, यांत नवल नाहीं.

मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगभूमीवर त्यांनीं खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई केली, तशीच शिरवाडकरांनीं 'मॅकबेथ'वरून रचलेल्या 'राजमुकुट'ची नायिकाहि. आम्हां नाशिककरांस दोन्हींचें ममत्व वाटणें स्वाभाविक आहे : शिरवाडकर इथलेच, आणि आनंदवल्ली त्या पेशवीणबाईचें नांव अजून सांगते. प्रयोग पडदा पडतांच संपतो; माझ्या पिढीस या भूमिका ऐकूनच ठाऊक. पण सौदामिनी पाहिलेल्यास 'ध'चा 'मा' करणारी ती बाई त्यांच्या ठायीं कशी दिसली असेल, याची कल्पना करतां येते.

मग हिंदी चित्रपटानें त्यांस एकामागून एक माता दिल्या. 'बिदाई' (१९७४) साठीं पारितोषिकहि मिळालें. फाळक्यांच्या नांवाचा १९८३ चा सन्मानहि लाभला. या मातांत खोट काढण्यासारखें थोडें. परंतु त्यांना इच्छा म्हणून नसते, असतो तो केवळ मुलाविषयींचा कळवळा. कैकेयीलाहि मुलगा होताच, पण ती त्याच्यासाठीं राज्य मागते. जोधाबाई स्मरणांत राहिली तीहि, मला वाटतें, ती राणी असल्यामुळेंच. पति व पुत्र यांच्यामध्यें रदबदली करतांनाहि तिचा ताठा सुटत नाहीं.