प्रगतिपुस्तकातील कोरे पान

संगणकाचा एखादा प्रोग्रॅम बरोबर चालतो का, हे तपासण्यासाठी दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहितात. त्यालाच चाचणी म्हणतात. शेकडो चाचण्यांचे निकाल पडद्यावर वाचत बसण्याऐवजी ते एका 'ऑब्जेक्ट'मध्ये साठवावेत आणि हवे ते त्यालाच विचारावे, ही कल्पना उत्तम आहे. पायथन भाषेबरोबर २००१ पासून मिळणाऱ्या 'युनिटटेस्ट' या संचात 'टेस्टरिझल्ट' नावाचा असा ऑब्जेक्ट आहे. विद्यार्थ्यांना पायथन शिकवताना त्याचे गुणदोष माहीत असलेले बरे.

आधी गुण पाहू. हा ऑब्जेक्ट 'फेल्युअर्स' आणि 'एरर्स' अशा दोन वेगळ्या याद्या ठेवतो. सरासरी २५ यायला हवी होती आणि २४ आली, तर चाचणी पहिल्या यादीत जाते. शून्याने भागाकार होऊन प्रोग्रॅम मध्येच कोलमडला, तर दुसऱ्या. उत्तर चुकलेला विद्यार्थी आणि पेपर लिहिताना चक्कर येऊन पडलेला विद्यार्थी यांत परीक्षक फरक करतो, तसाच हा फरक आहे.

आता दोष. नापास चाचणीची नोंद म्हणून आपल्याला ती चाचणी आणि एक लांबलचक मजकूर मिळतो. अपेक्षित उत्तर कोणते व आलेले कोणते, हे वेगवेगळे विचारता येत नाही. मजकुरातून शोधावे लागते. दुसरे म्हणजे पास झालेल्या चाचण्यांची यादी हा ऑब्जेक्ट स्वतःहून ठेवतच नाही. हवी असेल तर आपण वेगळा प्रोग्रॅम लिहून ती ठेवायची.

तिसरा दोष आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. 'वॉजसक्सेसफुल' म्हणजे 'सर्व ठीक ना?' असे विचारले, की हा ऑब्जेक्ट मुख्यतः चुकांच्या याद्या रिकाम्या आहेत का एवढेच पाहतो. एकही चाचणी चालली नसली तरी उत्तर 'होय' येते! आणि असे सहज घडू शकते. चाचणीचे नाव 'टेस्ट' या अक्षरांनी सुरू व्हावे लागते. विद्यार्थ्याने स्पेलिंग चुकवले, की ती चाचणी गुपचूप गळते. मुद्दाम वगळलेल्या चाचण्यांमुळेही 'होय'चे 'नाही' होत नाही. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत थोडी सुधारणा झाली: एकही चाचणी सापडली नाही, तर चाचण्या चालवणारा प्रोग्रॅम आता यशाचा ० न देता ५ हा संकेतांक देतो. ऑब्जेक्टचे उत्तर मात्र पूर्वीचेच आहे.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हा युरोपीय अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, मिनिटभराच्या आत नष्ट झाला. त्यात एरियान-४ चा काही प्रोग्रॅम तसाच वापरला होता. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. नव्या अग्निबाणाच्या मार्गाची आकडेवारी देऊन त्या यंत्रणेची चाचणी घेतलीच नव्हती, असे चौकशी मंडळाला आढळले. तेथे हा ऑब्जेक्ट नव्हता, पण चूक त्याच जातीची होती: दोष दिसला नाही, म्हणजे दोष नाही.

म्हणून आमची शिक्षकांना सूचना आहे, की विद्यार्थ्यांना आणखी दोन प्रश्न विचारायला लावावेत. चाचण्या किती चालल्या? किती वगळल्या? पहिले उत्तर 'टेस्ट्सरन' देतो, दुसरे 'स्किप्ड' ही यादी. चाचण्या किती लिहिल्या होत्या, हे मात्र विद्यार्थ्याने स्वतः मोजावे. हे आकडे जुळले, तरच 'होय'वर विश्वास ठेवावा.