‘इतिहास आणि परंपरा’ : एका घटनात्मक निकषाची चिकित्सा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ खटल्यात १९७३ चा ‘रो’ निकाल रद्दबातल ठरविला आणि गर्भपाताचा प्रश्न लोकनिर्वाचित प्रतिनिधींकडे सोपविला. या निकालाच्या परिणामांवर विपुल लिहिले गेले. त्यामागील विचारपद्धतीची चिकित्सा तितकीच आवश्यक आहे.

बहुमताचे निकालपत्र न्या. सॅम्युअल अलिटो यांचे आहे. घटनेत स्पष्टपणे नमूद नसलेला हक्क राष्ट्राच्या इतिहासात व परंपरेत खोलवर रुजलेला असला पाहिजे, हा त्यांचा निकष. चौदावी घटनादुरुस्ती १८६८ मध्ये स्वीकारली गेली, तेव्हा ३७ पैकी २८ राज्यांत गर्भपात कोणत्याही टप्प्यावर गुन्हा होता, हा त्यांचा प्रमुख पुरावा होय. परंतु ते कायदे करणाऱ्या विधिमंडळांच्या निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार नव्हता. राष्ट्रीय पातळीवर तो १९२० मध्ये मिळाला. विरोधी निकालपत्रातील हा आक्षेप बहुमताला समाधानकारकपणे खोडता आलेला नाही.

याहून गंभीर विसंगती निकालपत्राच्या अंतरंगात आहे. हाच निकष लावल्यास गर्भनिरोधक साधनांचा हक्क (१९६५) किंवा समलिंगी विवाहाचा हक्क (२०१५) कसा टिकावा? गर्भपातात भावी जीविताचा प्रश्न असल्याने तो वेगळा ठरतो, असे अलिटो सांगतात. हा भेद महत्त्वाचा असेलही. पण तो इतिहासातून निष्पन्न होत नाही. तो नैतिक मूल्यविवेक आहे, आणि न्यायाधीशांनी स्वतःची मूल्ये घटनेवर लादू नयेत म्हणूनच तर इतिहासाचा आधार घेतला होता! न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी ते दोन्ही निकाल पुनर्विचारार्थ घ्यावेत असे लिहिले. त्यांची भूमिका न पटणाऱ्यांनाही तिच्यातील तर्कसंगती मान्य करावी लागेल.

‘डॉब्स’च्या आदल्याच दिवशी ‘ब्रुएन’ खटल्यात थॉमस यांनी शस्त्रनियंत्रणाच्या कायद्यांनाही ऐतिहासिक परंपरेची कसोटी लावली होती. २०२४ च्या ‘रहिमी’ खटल्यात तिची मर्यादा उघड झाली. कौटुंबिक हिंसाचारामुळे न्यायालयाचा मनाई हुकूम झालेल्या व्यक्तीस शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा कायदा अठराव्या शतकात नव्हता. तरीही आठ विरुद्ध एक मतांनी आजचा कायदा वैध ठरला. जुन्या कायद्यांमागील तत्त्वाशी साधर्म्य पुरेसे मानले गेले. गर्भपाताबाबत मात्र १८६८ ची कलमे राज्यागणिक मोजली गेली होती. ‘रहिमी’मध्ये एकटे विरोधात राहिले ते ‘ब्रुएन’चे लेखक थॉमसच.