मेले कोण, झोपले कोण?

आपल्या विशेषांकांची संपादकीये, संमेलनांतील भाषणे, कवितासंग्रहांच्या प्रस्तावना यांत काही शब्द वारंवार भेटतात : पुनरुज्जीवन, नवजागरण, प्रबोधन, पुनर्जन्म. ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. आम्ही उर्दूत शिकवतो आणि मराठीत लिहितो, त्यामुळे या शब्दांतला फरक आम्हांस पदोपदी जाणवतो. यातला प्रत्येक शब्द समाजाविषयी एक निवाडा देतो. प्रबोधन म्हटले की समाज झोपला होता, पुनरुज्जीवन म्हटले की तो मेला होता, सुधारणा किंवा इस्लाह म्हटले की बिघडला होता. जीर्णोद्धार म्हटले की इमारत जुनी झाली, पण पाया शाबूत आहे.

युरोपातील रेनेसान्स या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा जन्मणे. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्याचे 'प्रबोधन' केले, म्हणजे जागे होणे. उर्दूने 'नशअत-ए-सानिया' केले, म्हणजे दुसऱ्यांदा उगवणे, वाढीला लागणे. (मुले ते 'निशात' असे वाचून आनंदाशी जोडतात, ही गोष्ट वेगळी!) 'पुनर्जन्म' या शब्दामागे कर्मसिद्धान्त उभा आहे. तरीही आपला कथालेखक दवाखान्यातून बऱ्या होऊन आलेल्या हाजीसाहेबांच्या तोंडी 'माझा पुनर्जन्म झाला' असे वाक्य घालतो. 'अल्लाने नवी जिंदगी दिली' हे मराठी वाचकाला कळले नसते काय?

'पुनरुज्जीवन' या शब्दाची गंमत आणखी निराळी. नदीचे, हस्तकलेचे, लोककलेचे पुनरुज्जीवन म्हटले की सर्वांना आनंद होतो. त्याच शब्दाला 'वाद' जोडला की शिवी होते, आणि आपल्यासंबंधीच्या लेखांत तो बहुधा 'वाद' घेऊनच येतो. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांच्या ग्रंथाच्या नावातील 'इहया' या शब्दाचा अर्थही जिवंत करणे हाच आहे. पण गझालींचा रोख गेलेले राज्य परत आणण्यावर नव्हता. कोरड्या पांडित्यात हरवलेला इबादतीचा जीव त्यांना परत हवा होता. इक्बालांच्या इंग्रजी व्याख्यानांच्या नावात तर पुनरुज्जीवन नाही, पुनर्रचना आहे. ज्याला पुन्हा रचायचे असते, तो आधीचे मेले असे म्हणत नाही.

आमचा खरा आक्षेप आपल्याच समीक्षेवर आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या लेखनाला कोणी 'जन्म' म्हणतो, कोणी 'नवजागरण'. जन्म म्हटला तर सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना कोठे ठेवायचे? जाग आली म्हटले तर शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) झोपेत गात होते काय? संमेलनाने लिहिणाऱ्यांना एकत्र आणले, हे त्याचे श्रेय मोठे आहे. त्यासाठी पूर्वजांना मृत ठरवण्याची गरज नाही.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील मिरजोळीचे हमीद दलवाई शब्दांविषयी अधिक काटेकोर होते. त्यांच्या मतांशी अनेक वाचकांचे भांडण आहे, ते असू द्या. परंतु १९७० साली पुण्यात संस्था काढताना त्यांनी ना पुनरुज्जीवन म्हटले, ना नवजागरण. जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या समाजाच्या नावातील 'सत्यशोधक' हा शब्द त्यांनी घेतला. शोधणारा माणूस जिवंतही असतो आणि जागाही.

मग 'इहया' आपण टाकून द्यावा काय? आमचे मत तसे नाही. इस्लामी कायद्यात 'इहया-ए-मवात' अशी संज्ञा आहे : पडीक, बिनमालकीची 'मृत' जमीन कष्टाने लागवडीला आणणे. येथे जिवंत करणे म्हणजे घोषणा नव्हे, मेहनत. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. खारबंदिस्ती फुटली की शेतात खारे पाणी शिरते. मग बांध घालावा लागतो, पावसाने मीठ धुऊन जाण्याची वाट पाहावी लागते, तेव्हा कोठे भात होतो. आपल्या संपादकांनी यापुढे 'पुनरुज्जीवन' लिहिताना एवढेच करावे : कोणी, कोणते काम केले, ते पुढच्याच वाक्यात सांगावे. सांगता येत नसेल तर तो शब्द खोडावा.