चामड्यातले पाठभेद

जुन्या वस्तूंचे संग्राहक आणि जुन्या ग्रंथांचे संपादक यांचे गोत्र एकच आहे, असे म्हटले तर संपादकांना ते रुचेल असे वाटत नाही. त्यातही संग्रह चामड्याच्या जुन्या हातपिशव्यांचा असला, तर वाङ्मयीन अंकात त्याला जागा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मंडळाच्या जुन्या वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु मूळ कोणते, मागाहून पडलेली भर कोणती, बिघडलेले काय आणि केवळ जुने झालेले काय, याचा विवेक केल्यावाचून ना पोथी हाताळता येते, ना पिशवी. हा विवेक मी एकदा केला नाही, आणि त्याची किंमत मोजली. म्हणून हा लेख.

माझ्या आईजवळ एक पर्स होती. १९५६ साली ती शिक्षिका म्हणून नोकरीस लागली, तेव्हा पहिल्या दोन पगारांतून साठवून तिने ती घेतली. तोवर आमच्या घरातल्या बायकांचे पैसे कापडी बटव्यात असत आणि बटवा कनवटीला. चामड्याची पर्स खांद्याला लावून घराबाहेर पडणे ही सुरतेतल्या आमच्या लहानशा मराठी वस्तीत चर्चेची बाब ठरली होती. आजीने तिला दाराजवळची खुंटी नेमून दिली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत ती पर्स कधीही आली नाही. चामडे विटाळाचे, पण त्यातून येणारा पगार मात्र देवापुढे ठेवायचा, ही विसंगती आमच्या घरात कोणालाही जाणवत नव्हती. सांगावयास संकोच वाटतो, पण मलाही ती फार उशिरा जाणवली.

पर्स गडद तपकिरी होती, पितळी चौकटीची, टिचकी दाबून मिटणारी. साल किंवा हिरड्यासारख्या झाडांच्या द्रव्यांनी कमावलेले चामडे आत, कापलेल्या कडेपर्यंत, तपकिरी असते. क्रोमने कमावलेल्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर करडा दिसतो. आईच्या पर्सची कड तपकिरी होती. पट्टा एकदा तुटला, तेव्हा कोपऱ्यावरच्या मोच्याने मेण लावलेल्या जाड दोऱ्याने तो शिवून दिला. दोरा काळा, टाके थोडे तिरपे. आतल्या अस्तरावर शाईचा मोठा निळा डाग होता. उत्तरपत्रिका तपासून येताना लेखणी फुटली त्या दिवसाचा.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सुटले आणि तापीने शहर बुडविले. सुरतेत महापुराला ‘रेल’ म्हणतात. त्या रेलेत अडाजणमधले आमचे तळमजल्याचे घर गेले. पर्स कपाटाच्या माथ्यावर होती म्हणून बुडाली नाही, पण आठवडाभराच्या दमट कोंडीत तिच्यावर हिरवट बुरशी चढली. पुढे मी ती पुसून ठेवली आणि ठेवूनच दिली. काही वर्षांनी, आईच्या पश्चात, एका दुकानात ‘नव्यासारखी करून द्या’ असे सांगून दिली. त्यांनी शब्दशः तसेच केले. चामड्यावर रंगाचा जाड, एकसारखा लेप बसला. पितळेच्या जागी चकचकीत पांढरी चौकट आली, अस्तर मखमली झाले, पट्टा नवा झाला. दुकानदाराला दोष देता येणार नाही. मी जे मागितले ते त्याने दिले. घरी येऊन मी पर्स उघडली, तेव्हा आत शाईचा डाग नव्हता.

येथे मला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची आठवण होते. १९१९ साली आरंभलेले चिकित्सित आवृत्तीचे हे काम १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्याला जी शिस्त लावली, तिच्यातील दोन गोष्टी माझ्या विषयाला फार उपयोगी आहेत. जो पाठ पुरेसा निश्चित नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ छापली जाते. आणि मूळ संहितेत न घेतलेला मजकूर फेकून न देता तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवला जातो. म्हणजे संपादकाने हात कोठे घातला, ते वाचकाला दिसते, आणि त्याचा निर्णय चुकला असे वाटले, तर मागे जाण्याची वाटही खुली राहते.

याच्या उलट टोकाला आपले एकनाथ महाराज. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तिचे ऋण आपल्या डोक्यावर आहे. पण शुद्धी करताना काय काढले, काय बदलले, याचा हिशेब त्यांनी मागे ठेवला नाही. त्या काळी कोणीच ठेवीत नसे. म्हणून तर राजवाड्यांना १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापावीशी वाटली, आणि तिच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत पुढे वाद झाले. आपल्या परंपरेचा मनःपूर्वक कल जीर्णोद्धाराकडे आहे. देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे जुने दगड काढून नवे बसविणे, आणि वर ऑइलपेंट. जतन हा शब्द आपण वापरतो, पण करतो उद्धार.

जतनशास्त्राने मात्र गेल्या काही दशकांत सुखठणकरांच्याच वाटेने प्रवास केला आहे. एके काळी संग्रहालयेसुद्धा जुन्या चामड्याला लॅनोलिन, मेण आणि तेले यांचे मिश्रण चोळीत. आता ते नित्य करू नये असा सल्ला दिला जातो, कारण तेल धूळ ओढते, डाग पाडते, आणि एकदा मुरले की परत काढता येत नाही. वनस्पतिद्रव्यांनी कमावलेले चामडे हवेतल्या आम्लाने झिजून तांबूस भुकटी होऊ लागले, तर तो रोग उलटविता येत नाही, फक्त थांबविण्याचा प्रयत्न करता येतो. ओले चामडे उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये. त्याचे तंतू आकसतात, आणि आकसलेले पुन्हा पसरत नाहीत. सावलीत, वाऱ्यावर, आत कोरा कागद भरून सावकाश वाळवावे. कागद कोराच हवा, वर्तमानपत्र नको. त्याची शाई अस्तराला लागते. रेलेनंतरच्या आठवड्यात हे कोणी सांगितले असते, तर आमच्या शहरातल्या कितीतरी घरांतल्या वस्तू वाचल्या असत्या.

बाजाराची दृष्टी आणखी निराळी आहे. गायिका-अभिनेत्री जेन बर्किन हिच्यासाठी १९८५ मध्ये एर्मेस या फ्रेंच पेढीने जी पहिली बर्किन बॅग घडविली, ती १० जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात शुल्कासह ८६ लाख युरोंना विकली गेली. तिच्यावर ओरखडे होते, चिकटविलेल्या कागदांच्या खुणा होत्या, आणि बर्किनबाईंची नखे कापण्याची कात्री तिला लटकत होती. तिला कोणी नवा रंग दिला नाही. डाग हीच तिची संहिता, हे तेथे सर्वांना कळले. माझी हरकत एवढीच, की हे शहाणपण प्रसिद्ध हातांपुरतेच राखीव असते. अप्रसिद्ध हातांच्या डागांना आपण घाण म्हणतो आणि ते काढण्यासाठी वर पैसेही देतो.

याला अपवाद करणारा संग्राहक मराठीत होऊन गेला, आणि तो कवी होता. ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती अशा नित्याच्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा राहिलेला तो संग्रह १९७५ मध्ये त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. निव्वळ हातपिशव्यांचे संग्रहालय परदेशातही दुर्मीळच. आम्स्टरडॅमचे नामांकित संग्रहालय २०२० मध्ये बंद पडले. केळकरांच्या दालनांतून हिंडताना वस्तू कोणा सरदाराने वापरली याहून ती कोणीतरी घडविली आहे, ही जाणीव अधिक होते. त्या घडविणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे मात्र तेथेही मिळत नाहीत. ती कोणी लिहूनच ठेवलेली नव्हती.

हातपिशव्यांच्या संग्रहांतील सर्वांत मोठी उणीव मला हीच दिसते. नोंदीत पेढी असते, साल असते, मालकिणीचे नावही असते. चामडे कमाविणारा आणि शिवणारा नसतो. आपल्याकडे तर तो जातीच्या नावाने ओळखला गेला आणि ते नाव शिवीसारखे वापरले गेले. मुंबईत सुधीर राजभर यांनी आपल्या उद्योगाला ‘चमार स्टुडिओ’ असे नाव देऊन तोच शब्द पिशवीवर छापला, ही मला अलीकडची मोठी टीका वाटते. आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या लेखांहून ती अधिक थेट आहे. आईच्या पर्सच्या पट्ट्यावरचे तिरपे काळे टाके ही त्या पर्सवरची एकमेव सही होती. ती मी पट्ट्यासकट कचऱ्यात जाऊ दिली. त्या मोच्याचे नाव आईला ठाऊक होते. मी कधी विचारले नाही.

वडिलांची कचेरीची चामडी बॅग अजून घरात आहे. गेल्या हिवाळ्यात तिची एक बाजू उसवली, तेव्हा ती दुकानात न देता चौकातल्या मोच्याकडे नेली. कोरड्या मऊ फडक्याने पुसण्यापलीकडे काही करू नये, रंग लावू नये, आणि नवी शिवण जुन्याहून वेगळ्या, फिकट दोऱ्याने घालावी, असे मी त्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, “साहेब, लोको तो देखाय नहीं एवुं मागे छे.” मी म्हटले, मला दिसलेलीच हवी. त्याने साठ रुपये घेतले. घरी आल्यावर बॅगच्या आतल्या खणात एक चिठ्ठी ठेवली: दुरुस्तीची तारीख, दोऱ्याचा रंग, आणि त्याचे नाव, त्याने स्वतः उच्चारून सांगितले तसे.