गाण्याच्या जाहिरातीतील चित्र

साबण किंवा छत्री चित्रात जशीच्या तशी दाखविता येते. स्वर मात्र कागदावर उतरत नाही. तेव्हा गाण्याची जाहिरात करणाऱ्याने दाखवावे तरी काय? ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाराने या प्रश्नाची जी उत्तरे दिली, त्यांवरून आपल्या अभिरुचीचीही परीक्षा होते.

पहिले उत्तर सर्वपरिचित आहे. कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला तो श्वान फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराचा. मूळ चित्रात नळकांडे वाजविणारे फोनोग्राफ यंत्र होते. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेतले, ते त्या यंत्राच्या जागी आपले तबकडीचे यंत्र रंगवून घेऊनच. या चित्रात गाणारा कोठेच नाही. आहे तो केवळ ऐकणारा. श्रवणातील एकाग्रता इतक्या थोड्या रेषांत क्वचितच कोणी दाखविली असेल. मात्र ते सर्वच गाण्यांना सारखे लागू पडत असल्यामुळे कोणत्याही एका गाण्याविषयी काही सांगत नाही.

दुसरे उत्तर गायकाच्या छायाचित्राचे. महाराष्ट्रात ते विशेष रुजावे हे स्वाभाविकच होते. १८८० च्या 'संगीत शाकुंतला'पासून गाणे आणि भूमिका यांची आपल्याकडे गाठ पडलेली. 'मानापमाना'तील भामिनी आणि 'स्वयंवरा'तील रुक्मिणी ही बालगंधर्वांची रूपे त्यांच्या पदांपासून वेगळी काढणे रसिकांस अशक्यच होते. कळमेश्वरासारख्या लहान गावातील श्रोत्याला तर छायाचित्र आणि तबकडी मिळूनच रंगभूमीचा भास होई. परंतु नाटकाच्या पदाला जे शोभते ते ख्यालाला शोभेलच असे नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचे छायाचित्र कितीही न्याहाळले, तरी किराणा घराण्याचा स्वरलगाव त्यातून कोणास कळणार?

तिसरे उत्तर अक्षरांचे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी साध्या कागदी पाकिटात येई. पाकिटाच्या मध्यभागी गोल छेद असे आणि त्यातून गायकाचे, रागाचे वा नाटकाचे नाव वाचता येई. ही मांडणी रूक्ष खरी, पण प्रामाणिक होती. दोष एवढाच, की तबलजी-सारंगियांची नावे तेथे क्वचितच आढळत.

अमेरिकेत १९४० साली ॲलेक्स स्टाइनवाइस याने कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रिका-संचांना सचित्र आवरणे देण्यास प्रारंभ केला. १९४८ साली दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली आणि पुढे चित्रकाराला फूटभर चौरस जागा लाभली. आपल्याकडील अशा आवरणांच्या पाठीमागे रागांची माहिती व साथीदारांची नावेही येऊ लागली. डोळ्यांना सुख आणि कानांना वाट दाखविणारा सोबती, अशी दोन्ही कामे तेथे साधली. कॅसेटच्या काळात ही जागा तळहाताएवढी झाली. आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ती नखाएवढी उरली आहे. एवढ्याशा जागेत चेहरा तेवढा टिकतो. कवी, संगीतकार आणि वादक बाहेर पडतात.

हे नुकसान केवळ चित्रकलेचे नव्हे. गाणे हे अनेकांच्या मेहनतीचे फळ आहे, ही जाणीवच त्यामुळे पुसली जाते आणि पुढची पिढी गाणे चेहऱ्यावरून ओळखू लागते. जागा अपुरी असल्याची सबब पुरेशी नाही. चेहरा थोडा लहान केला, तर दोन नावे सहज मावतील. जाहिरातीने मोह घालावा, त्याला आमची हरकत नाही. पण तो मोह गाण्याचा असावा.